औज बंधाऱ्याकडे कॅमेरा नेण्याआधी

दक्षिण सोलापुरातल्या मंद्रूपमधल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने घरी ‘मला सिनेमा शिकायचाय’ असं सांगितलं, की पहिला प्रश्न फीचा येतो आणि दुसरा पुण्यात राहायचं कुठं याचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. १९६० साली प्रभातच्या स्टुडिओत सुरू झालेली पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट अनेकांच्या मनात असते, पण तिथल्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते, जागा मोजक्या असतात आणि परीक्षेला मुलं देशभरातून बसतात. सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापनाचा विभाग आहे, तो त्या मानाने हाताशी. प्रवेश कुठे मिळो न मिळो, दोन कामं मात्र आपली आपणच करावी लागतात. एक, चांगल्या सिनेमातला एकेक सीन सुटा करून बघणं. दुसरं, घरापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत चाललेल्या एखाद्या खऱ्या कामावर छोटा माहितीपट करणं. क्रमही हाच ठेवा. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी गिंबल येतो, मग ड्रोन भाड्याने कुणाकडे मिळतो याची चौकशी होते, आणि विषय सगळ्यात शेवटी शोधला जातो.

एक सीन, एक वही

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. सोलापूर-पुणे रेल्वेने जाताना लागतं ते जेऊर. अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला दिग्दर्शकाच्या पहिल्या कामासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ साली ‘फँड्री’ आला. तो मी अभ्यासाला सुचवतो, पण जिल्ह्याचा अभिमान म्हणून नव्हे. त्यातल्या बाभळी, ढेकळं, पत्र्याची घरं, शाळेचं मैदान हे सगळं तुम्ही रोज बघता. नवलाईने डोळा भरकटत नाही, त्यामुळे तो लवकर कारागिरीकडे वळतो. स्वित्झर्लंडमधलं गाणं बघताना हे जमत नाही.

शेवटाकडचा डुक्कर पकडण्याचा प्रसंग घ्या. नायक जब्याचं अख्खं कुटुंब शाळेजवळच्या रानात डुकरामागे धावतंय, गाव बघतंय, शाळेतली पोरं बघतायत, आणि जब्याला, त्याला आवडणाऱ्या शालूच्या नजरेला पडायचं नाही. डुक्कर जवळजवळ हाती लागलंय, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. माणसं आहेत तिथे उभी राहतात. डुकराला थांबायचं काही कारण नसतं.

पहिल्यांदा सीन नेहमीसारखा बघा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे माहितीपट करताना नेमके तिथेच अडकतात. चौथ्यांदा प्रत्येक कटला थांबून वहीत लिहायला घ्या. संगणकावर व्हीएलसी प्लेअर असेल तर ‘ई’ची कळ दाबली की चित्र एकेका फ्रेमने पुढे सरकतं, त्यामुळे कट नेमका कुठे आहे ते दिसतं. वहीत रकाने आखा : शॉटचा नंबर, किती सेकंद, लाँग की मिड की क्लोज, कॅमेरा हलतो का, काय ऐकू येतं, आणि शेवटचा रकाना ‘या शॉटमधून नवीन काय कळलं’. अवघड रकाना हा शेवटचाच. तो रिकामा राहिला तर दोन शक्यता असतात. दिग्दर्शकाने शॉट भरतीचा घातलाय, किंवा तुमच्या नजरेतून काही सुटलंय. सुरुवातीची काही वर्षं दुसरीच शक्यता खरी धरा.

या सीनला विचारायचे प्रश्न असे. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर आधी कोण थांबतं? ते आपल्याला चेहऱ्यावरून कळतं की पायांवरून? गाणं कुठून येतंय हे दाखवायला शाळेचा शॉट घेतलाय का, आणि घेतला असेल तर आवाजाच्या आधी की नंतर? शालू कुठल्या बाजूला आहे हे तुम्हाला केव्हा पक्कं कळलं? ही उत्तरं लेखात देऊन उपयोग नाही, वहीत यायला हवीत. एक गोष्ट मात्र आधी सांगतो. या सीनमध्ये एक गरज आहे, डुक्कर पकडायची, आणि एक नियम आहे, राष्ट्रगीताला हलायचं नाही. दोन्ही प्रेक्षकाला आधीपासून माहीत आहेत, म्हणून समजावणारं एक वाक्यही लागत नाही. नंतर काठीला बांधलेलं डुक्कर ज्या भिंतीवरून जातं, तिच्यावर आंबेडकर, फुले, शाहू, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. तिथेही कुणी बोलून दाखवत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. त्या आधीच्या काही मिनिटांत कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा होता, हे वहीतून मागे जाऊन तपासा. दगड आपल्याला का लागला ते तिथे सापडेल.

लगेच याच्या उलट टोकाचं काही बघा. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) घ्या. तिथे कॅमेरा बराच वेळ लांब उभा राहून जागचा हलत नाही आणि सीनमधलं काम संपलं तरी शॉट संपत नाही. शेवटच्या सीनमध्ये सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेतायत आणि पोरं ओरडून त्यांना दचकवतात. तो सीन ‘फँड्री’च्या पद्धतीने, जवळून आणि तुकड्यांत घेतला असता तर काय झालं असतं? कागदावर तसा कापून बघा. तो विनोदी होतो. हे कळलं की शॉट किती वेळ धरायचा या प्रश्नाला वजन येतं.

ही पद्धत मी शोधलेली नाही. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी चित्रपट रसग्रहण शिकवताना ‘पथेर पांचाली’चं असं शॉटगणिक विश्लेषण केलं आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर घडल्या. मराठीत वाचायचं असेल तर अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ शोधा. प्रभात चित्र मंडळाच्या ‘वास्तव रूपवाणी’चे जुने अंक हाती लागले तर सोडू नका.

आधी भाकरी

तीन-चार सीन वहीत उतरले की कॅमेरा हातात घ्यायला हरकत नाही. नदीवर जायची घाई मात्र नको. घरात आई किंवा आजी भाकरी करताना तिच्यासमोर बसा. मोबाइल पुरेसा आहे. फक्त पाच शॉट घ्यायचे, प्रत्येक दहा सेकंदांचा, आणि शॉट चालू असताना मोबाइल हलवायचा नाही. स्वयंपाकघर दिसेल असा एक लांबचा, बसलेली बाई दिसेल असा एक, परातीतले हात, तव्यावर भाकरी, आणि चेहरा. पाचही शॉट जोडल्यावर कळतं की भाकरी परातीतून तव्यावर गेली कधी हेच घेतलेलं नाही. ते घ्यायला पुढची भाकरी हजर असते.

शिकाऊ माणसाला ज्वारीची भाकरी उपकारक ठरते ती एवढ्यासाठी, की ती पुन्हा पुन्हा होते. पहिलीला हात घ्या, दुसरीला चेहरा, तिसरीला तवा. जोडल्यावर एकच भाकरी झाल्यासारखी दिसते. माहितीपटाच्या नियोजनाचं मूळ इथेच आहे. जे पुन्हा पुन्हा घडतं ते अनेक अंगांनी घेता येतं. जे एकदाच घडतं त्यासाठी आधीच ठरवून जागेवर उभं राहावं लागतं.

‘पथेर पांचाली’तली एक हकीकत इथे कामाची आहे. अपू-दुर्गा काशफुलांच्या रानातून आगगाडी बघायला जातात तो सीन सत्यजित राय यांनी अगदी सुरुवातीला घ्यायला घेतला. एक दिवस काम झालं. पुढच्या आठवड्यात येऊन बघतात तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. उरलेला सीन पूर्ण करायला पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. मंद्रूपच्या पोरांना हे समजावून सांगायची गरज नाही. कणसं खुडून कडबा उभा राहिला की हुरड्याचा शॉट वर्षभर मिळत नाही.

विषय नको, काम शोधा

‘आमचं गाव’, ‘शेतकऱ्यांच्या समस्या’, ‘दक्षिण सोलापूरचा इतिहास’ हे निबंधाचे विषय आहेत. माहितीपटाला एखादं काम लागतं, ज्याला सुरुवात आहे, अडचण आहे आणि कुठेतरी शेवट आहे. फाळके यांनी पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याआधी १९१२ साली वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपली. कुंडीतलं एक रोप, रोज थोडं थोडं चित्रण, आणि पडद्यावर ते झरझर वाढताना दिसलं. तेवढ्यावर भांडवल देणाऱ्याला खात्री पटली. आपल्या माहितीपटांची सुरुवात त्याही आधीची. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईत कुस्ती चित्रित केली. कुस्ती आणि अंकूर. दोन्हींत काहीतरी घडतं, आणि पुढे काय होणार याची उत्सुकता असते.

जवळच हत्तरसंग कुडल आहे. सीना आणि भीमा जिथे मिळतात तिथलं संगमेश्वराचं देऊळ, आणि शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा शिलालेख. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक. आनंद कुंभार यांच्यासारख्या सोलापूरच्या अभ्यासकामुळे तो जगापुढे आला. तिथे माहितीपट करायचा मोह होणारच. पण दगड हलत नाही. दोन मिनिटांत देवळाचे सगळे कोन संपतात आणि मग निवेदकाचा घोगरा आवाज पार्श्वसंगीतावर पसरायला लागतो. असले माहितीपट आपण पुष्कळ सहन केले आहेत. तिथे जायचंच असेल तर काम करणारा माणूस शोधा : शिलालेख वाचायला शिकणारा विद्यार्थी, किंवा पहाटे देऊळ उघडणारा आणि पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते बोटाने दाखवणारा कुणी. मग दगडही बोलता होतो.

माझी शिफारस पाण्याची. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. सोलापूर शहराला तिथून जलवाहिनीने पाणी येतं, आणि भीमेच्या पात्रातही सोडलं जातं. पात्रातलं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर वाहत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत येतं, तिथे अडतं आणि टाकळीहून उपसून शहराकडे जातं. पोचायला आठवडाभर किंवा त्याहून जास्त लागतो. वाटेत काठाकाठाने शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत. पाणी शहरापर्यंत पोचावं म्हणून त्या काळात नदीकाठची लाईट बऱ्याचदा कमी तासांवर येते. दारातून पाणी जातंय आणि मोटार चालत नाही. दुसरीकडे शहरात काही दिवसांआड नळ येणाऱ्या घरातली बादली त्याच पाण्याची वाट बघतेय. उजनीहून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकण्यामागचा एक हेतू नदीत पाणी सोडायची गरज कमी करणं हाच होता. त्यामुळे प्रश्न आणखी टोकदार होतो. शहरासाठी सोडलं जाणारं पाणी बंद झालं, तर त्याच पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या काठाचं काय? नदीत पाणी सोडण्याचं यंदाचं आवर्तन केव्हा आहे, आहे की नाही, हे जलसंपदा विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. माहितीपटाचं पहिलं काम तेच. त्यासाठी कॅमेरा लागत नाही.

पण ‘भीमेचं पाणी’ हाही अजून निबंधच आहे. तो एका माणसापर्यंत आणा. काठावर मोटार असलेला शेतकरी, त्या फीडरचा वायरमन, बंधाऱ्याचे बर्गे घालणारा कामगार, की शहरातली ती बाई? चौघांना घेतलंत तर दहा मिनिटांत चौघांचेही फक्त चेहरे दिसतील. एक निवडा. मी शेतकरी निवडेन, कारण लाईट येण्याआधीची त्याची घालमेल, स्टार्टरवरचा हात, रात्री बॅटरी घेऊन दारं धरणं, यात काम आहे आणि ते रोज घडतं. मग वहीत एक वाक्य लिहा : ‘पाणी दारात असताना लाईट येईपर्यंत ऊस वाचवायची एका माणसाची खटपट.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर अजून शूटला निघू नका.

एकदाच आणि रोज

आता पानाच्या मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला एकदाच घडणाऱ्या गोष्टी, उजव्या बाजूला रोजच्या. डावीकडे काय येतं? कोरड्या पात्रात पाण्याची पहिली जीभ सरकत येते तो क्षण. बंधारा भरून वरून पाणी पडायला लागतं तो क्षण. उजवीकडे मोटार सुरू करणं, दारं धरणं, लाईटची वाट बघत बसणं, वायरमनला फोन लावणं.

उजवी बाजू पुन्हा पुन्हा मिळते, तिचे शॉट भाकरीसारखे वाटून घ्या. डाव्या बाजूच्या प्रत्येक ओळीसमोर मात्र लिहायचं : कुठे उभं राहणार, कुठल्या वेळी, उजेड कुठून येईल, आणि तो क्षण हुकला तर त्याच्याऐवजी काय. पाण्याची जीभ यायची वेळ वरच्या गावांतल्या ओळखीच्यांना फोन करून काढता येते. ती रात्री दोनला येणार असेल तर? मग अंधारात मोटारसायकलच्या दिव्यात दिसणारं पाणी, किंवा नुसता आवाज आणि सकाळी ओल्या झालेल्या खडकांचा शॉट. पडद्याकडे पाठ करून सीन ऐकायला सांगितलं होतं, त्याचा उपयोग इथे होतो.

नियोजन मोडणार हे गृहीत धरा. ऑक्टोबर २०२०मध्ये भीमेला पूर आला, सप्टेंबर २०२५मध्ये सीनेने धुमाकूळ घातला. कोरडं पात्र टिपायला निघालेल्याला पूर भेटला, तर माहितीपट पुराचा होऊ द्यावा. फक्त जिवाला जपा. वडकबाळच्या पुलावर पाणी असताना तिथे जाऊन रील करणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही.

किती दिवस लागतील, असं सगळे विचारतात. आनंद पटवर्धनांना ‘जय भीम कॉम्रेड’साठी १४ वर्षं लागली. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ केला, तोही काही वर्षं त्या गाड्यांमागे फिरून, आणि २०१६ साली तो कानच्या महोत्सवात पोचला. तुमच्या पहिल्या दहा मिनिटांसाठी एक आवर्तन पुरे. त्याच्या आधी काही आठवडे आणि नंतर काही दिवस धरा.

माणसाशी वागणं

पहिल्या काही भेटींना कॅमेरा नेऊ नका. चहा घ्या, शेतात जा, मोटारीपर्यंत चाला. दक्षिण सोलापुरात बरीच घरं आत कन्नड आणि दारात मराठी बोलतात. कॅमेरा लागला की माणूस शाळेतली मराठी काढतो आणि ताठ होतो. त्याला घरच्या भाषेत बोलू द्या, खाली मराठी उपशीर्षकं टाका. बायकोशी कन्नडमध्ये चाललेली कुरबुर ‘माझ्या मते पाणी हा मूलभूत प्रश्न आहे’ या वाक्यापेक्षा शतपटीने मोलाची.

प्रश्न विचारताना ‘कसं वाटतं?’ टाळा. उत्तर ‘बरं वाटतं’ किंवा ‘वाईट वाटतं’ यापलीकडे जात नाही. ‘काल लाईट गेल्यावर काय केलंत?’ असं विचारा, म्हणजे गोष्ट येते. तुमचा आवाज पुढे कापला जाणार, म्हणून त्यांनी प्रश्न उत्तरातच घ्यावा असं आधी सांगून ठेवा. ‘रात्री दीडला’ एवढ्यावर न थांबता ‘लाईट आली रात्री दीडला, मग मी उठलो’ असं. आणि उत्तर संपल्यावर चार-पाच सेकंद गप्प बसा. बरेचदा खरं वाक्य त्या शांततेनंतर येतं.

आता नाजूक गोष्ट. उपशाला बंदी असताना मोटार चालू दिसली, तारेवर आकडा टाकलेला दिसला, तर काय करायचं? ते दृश्य जबरदस्त असतं आणि त्या माणसाला अडचणीत आणू शकतं. माझा सल्ला स्पष्ट आहे : घेऊ नका. चुकून आलं असेल तर पुसून टाका आणि त्याच्यासमोर पुसा. पत्रकाराचं उत्तर कदाचित वेगळं असेल. तुम्ही त्याच्या घरी जेवला आहात आणि उद्या त्याच गावात राहणार आहात. संमती कागदावर घ्या, साध्या मराठीत चार ओळी, आणि त्यात ‘पूर्ण झाल्यावर आधी तुम्हाला दाखवेन’ हे लिहा. घरात लहान मुलं असतील तर आईवडिलांची सही लागेल. उपसा केंद्र, वीज उपकेंद्र किंवा इतर सरकारी आवारात शूट करण्यासाठी लेखी परवानगी मागा. नकार मिळाला तर बाहेरून फाटक दाखवा.

घडलेली गोष्ट पुन्हा करायला सांगायची का? फ्लाहर्टीने १९२२च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’साठी बर्फाचं घर अर्धवट उघडं बांधून घेतलं, कारण आत उजेड पुरत नव्हता. शंभर वर्षं झाली, वाद अजून चालू आहे. ‘स्टार्टर पुन्हा एकदा दाबा’ असं सांगण्यात मला गैर वाटत नाही, तो रोज दाबतोच. ‘पाणी बघून रडा’ म्हणणं मात्र फसवणूक आहे.

मोबाइल, आवाज आणि कार्ड

उपकरणांवर थोडक्यात. मोबाइलचं सेटिंग सेकंदाला २५ फ्रेमवर ठेवता आलं तर ठेवा आणि शटर १/५० करा. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे एलईडी-ट्यूबच्या उजेडात चित्र थरथरत नाही. फोकस आणि एक्स्पोजर बोट दाबून धरून लॉक करा, नाहीतर माणूस सावलीतून उन्हात गेला की चित्र फटकन पांढरं होतं. विमान मोड लावा. मामाचा फोन हमखास पाणी येतं त्याच क्षणी येतो. साध्या एचडीत मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी धरली तर एक तास सहा ते साडेसात जीबी खातो, तेव्हा रोज रात्री फुटेज दोन वेगळ्या ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नका.

पैसे असतील तर ते आवाजावर खर्च करा. वायरचा साधा कॉलर माइक आणि त्याला वाऱ्याचं फरी टोपण. उसाच्या फडात वारा सुटला की मोबाइलच्या माइकमध्ये फक्त फरफर राहते. प्रत्येक जागी मिनिटभर कुणीही न बोलता नुसता तिथला आवाज घ्या : मोटारीची घरघर, किर्र किडे, लांबचा टेंपो. कापताना दोन वाक्यांमधली फट त्यानेच बुजते. यात्रेत किंवा वरातीत डीजेचं गाणं मागे वाजत असेल तर मुलाखत थांबवा. पुढे यूट्यूबवर हक्काचा दावा येतो आणि मागचं गाणं तुटतं म्हणून मुलाखत मधूनच कापता येत नाही. ड्रोनचं काय? एकाच माणसाच्या रात्रीच्या खटपटीत आकाशातून बघणारा कोण, हे सांगता आलं तर आणा.

कापणं

फुटेज आलं की थेट संगणकावर बसू नका. सगळं बघून वहीत उतरवा, त्याच जुन्या रकान्यांत. ‘या शॉटमधून नवीन काय कळलं’ हा रकाना आता तुमच्याच शॉटना लावायचा आहे, आणि तो फार क्रूर वाटेल. नंतर कामाच्या शॉटची नावं कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, जमिनीवर मांडा, क्रम बदलून बघा. पट्टी हलवायला सेकंद लागतो, संगणकावर अर्धा दिवस जातो. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पहिल्या माहितीपटाला पुरून उरते, जुन्या लॅपटॉपवर चालत नसेल तर मोबाइलवरच कापा.

पहिला रफ कट वीस-बावीस मिनिटांचा येतो. तो अशा कुणाला दाखवा ज्याला औज कुठे आहे ते माहीत नाही, आणि नंतर विचारा की मोटार का चालत नव्हती. त्याला सांगता आलं नाही तर निवेदन लिहायला धावू नका. बहुधा एक शॉट कमी पडलाय : बंद स्टार्टर आणि मागे वाहणारं पाणी एकाच फ्रेममध्ये. तो आणायला पुन्हा नदीवर जावं लागतं. आवर्तन संपलं असेल तर आधीच्या फुटेजमध्ये ध्वनीने भागतंय का बघा.

कबूल केल्याप्रमाणे पहिला खेळ त्या शेतकऱ्याच्या घरी लावा, बायको-मुलांसकट. त्यांनी ‘हे काढा’ म्हटलं तर कारण विचारा आणि काढा. मग शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. महोत्सवांना पाठवायचं झालं तर इंग्रजी उपशीर्षकांची वेगळी फाइल लागते, आणि ती कन्नड-मराठी दोन्ही जाणणाऱ्याने तपासलेली हवी. मुंबईचा आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव १९९० पासून भरतो, विद्यार्थ्यांच्या कामांसाठी छोटे महोत्सवही बरेच आहेत. प्रवेशशुल्क भरण्याआधी त्यांचे मागच्या वर्षांचे कार्यक्रम वाचा. श्रेयनामावलीतली नावं माणसांना विचारून लिहा, कन्नड आडनावं मराठीत आपण सर्रास चुकवतो. आणि यूट्यूबवर चढवण्याआधी शेवटची एक फेरी मारा : स्टार्टरच्या पेटीवर खडूने लिहिलेला मोबाइल नंबर कुठल्या शॉटमध्ये वाचता येतोय का ते बघा.